तरी मी सांगत होतो!

अडचणीच्या काळात स्वतःशी जरा प्रेमानं वागा, हा सल्ला पुण्यात द्यायचा तर आधी एक तांत्रिक अडचण सोडवावी लागते. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीची करुणा मोजायची प्रश्नावली तयार केली आणि पुढे या विषयाची जगभर एक स्वतंत्र पेठच वसली. त्यांचा एक उपाय फार सुटसुटीत आहे. हीच वेळ तुमच्या जिवलग मित्रावर आली असती, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? तेच स्वतःला म्हणा.

घोटाळा इथेच आहे. नोकरी गेलेला मित्र दारात उभा राहिला, तर अस्सल पुणेकर त्याला म्हणतो, "तरी मी सांगत होतो!" मग आत घेतो, चहा टाकतो आणि चहाला उकळी येईपर्यंत मित्राचं कुठे कुठे चुकलं ते दहावीच्या शाखानिवडीपासून क्रमानं सांगतो. पुढच्या आठवडाभरात हाच माणूस चार ओळखीच्यांना फोन लावून मित्रासाठी शब्द टाकतो, पण त्याचा पत्ता मित्राला लागू देत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र पुणेकर पहिलाच भाग मनापासून पार पाडतो. चहासुद्धा टाकत नाही.

सदाशिव पेठेतले एखादे काका डोळ्यांपुढे आणावेत. निवृत्तीची पुंजी मुलाच्या धंद्यात घातली, धंदा बसला. काका रोज पहाटे पर्वती चढतात. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून चढतात, पण वापर वेगळाच करतात. एका पायरीला "मूर्ख", पुढचीला "शुद्ध मूर्ख", त्यापुढे "बँकेत चौतीस वर्षं काय गवत उपटत होतास?" पर्वतीला शंभरावर पायऱ्या असूनही मजकूर अपुरा पडत नाही. माथ्यावर नेहमीची मंडळी भेटतात. "काय, कसं काय?" "मजेत!" आणि उतरताना उरलेला अपमान.

मोठ्या संकटात तरी ही मंडळी स्वतःला सूट देतील, तर तेही नाही. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले दोन करोनारुग्ण पुण्यातच सापडले आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. महिना संपायच्या आत सगळं शहर दार लावून बसलं. जगभर माणसं जीव मुठीत धरून होती, आणि इथे दुसऱ्याच महिन्यात घरोघरी स्वतःचीच झडती सुरू झाली. एवढा वेळ मिळाला आणि पेटी शिकायची राहिली. संस्कृत राहिलं. माळासुद्धा आवरला नाही! माणूस जिवंत आणि धडधाकट राहिला, ही कामगिरी कुणी हिशेबातच धरली नाही.

वास्तविक स्वतःला जपण्याची या शहराची परंपरा जुनी आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद, हा त्यातला अजोड नमुना. गिऱ्हाईक लाखाचं असो की पाव किलो बाकरवडीचं, वामकुक्षी ती वामकुक्षी. त्यावर बाहेरगावच्यांनी शेकडो विनोद केले. पुणेकरांनी ते झोपेत ऐकले. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याची बातमी झाली. जी विश्रांती वर्षानुवर्षं पाटी लावून उजळ माथ्यानं घेतली, ती स्वतःवर बेतल्यावर घ्यायची लाज का वाटावी, हे कोडंच आहे.

याच पुण्यात एक संस्था मात्र बरीच वर्षं उलटी चाल चालते आहे. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी त्यामागे होती. उपचाराला आलेल्याला तिथे 'रुग्णमित्र' म्हणतात. बरा होऊन गेलेला पुन्हा घसरला, की त्याला 'स्लिप' झाली म्हणतात, आणि परत आला तर परत घेतात. "तरी मी सांगत होतो" हे वाक्य उच्चारायचा पुरेपूर हक्क असलेली माणसं तिथे आहेत, कारण कार्यकर्त्यांत कित्येक जण स्वतः त्याच वाटेनं आलेले आहेत. तरी ते म्हणत नाहीत. व्यसनी नवऱ्यापायी "माझंच काहीतरी चुकलं" असं घोकत बसलेल्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' नावाचा गट चालतो. वाक्य एकीच्या तोंडून निघतं आणि माना सगळ्यांच्या हलतात.

मुक्तांगणशी दीर्घकाळ जोडलेले ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठी घरांत आणखी एक पाहुणा आणला: अल्बर्ट एलिस. न्यूयॉर्कच्या या मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. गृहस्थ फटकळ, शिवराळ, गोडगोड बोलण्याचं वावडं असलेला. म्हणजे नारायण पेठेत सहज खपून गेला असता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वागणं मूर्खपणाचं असू शकतं, तेवढ्यानं माणूस मूर्ख ठरत नाही. कृतीला हवे तेवढे कमी गुण द्या, माणसाला गुण देऊच नका.

हे पुणेकराला अवघड जाऊ नये, कारण त्याच्या पाट्या याच तत्त्वावर चालतात. 'फाटकासमोर वाहन लावल्यास हवा सोडली जाईल.' संपलं. वाहन लावणाऱ्याचं आयुष्य वाया गेलं आहे, त्याच्या हातून आजवर एक काम धड झालेलं नाही, असं पाटी कुठेही म्हणत नाही. अपराध एक, शिक्षा एक, तीही टायरला. काकांनी स्वतःला निदान या पाटीइतकी सभ्य वागणूक दिली, तर पर्वती चढताना दम कमी लागेल.

'लोक काय म्हणतील' या भीतीवर एलिसकडे एक व्यायाम होता. केळ्याला फीत बांधायची आणि कुत्रं फिरवतात तसं ते भर रस्त्यात फिरवायचं. लोक हसतात, आभाळ कोसळत नाही, याचा अनुभव घ्यायचा. न्यूयॉर्कात हे जमलं. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी करून पाहायला हरकत नाही, पण हसायला कुणाला फुरसत असेल असं नाही. एक जण विचारेल, "डझन कसं दिलं?" दुसरा म्हणेल, "वेलची घ्यायचं होतंत, हलकं पडतं." आणि तिसरा गाडीवरून उतरून, एक पाय टेकवून, शांतपणे सुनावेल, "अहो, रस्ता एकेरी आहे. तुमचं केळं उलट्या दिशेनं चाललंय."