अफजलखानाची दाढी

आठवीत असताना मी अफजलखान झाले होते. हौसेने नव्हे, उंचीने.

आमची शाळा साताऱ्यातली, मुलींची. 1989 सालच्या स्नेहसंमेलनात प्रतापगडचा प्रवेश करायचं ठरलं. गड आमच्याच जिल्ह्यातला, सगळ्याजणी सहलीला जाऊन आलेल्या, 10 नोव्हेंबर 1659 ही तारीख पहिलीच्या मुलीलाही पाठ. त्यामुळे प्रश्न फक्त पात्रांचा होता. बाईंनी वर्गावरून एकदा नजर फिरवली. शेवटच्या बाकावर मी माझे पाच फूट साडेपाच इंच जमतील तेवढे घडी घालून बसले होते. नजर तिथे थांबली. "तू खान," बाई म्हणाल्या. संपलं. महाराजांसाठी पहिल्या बाकावरची सगळ्यांत बुटकी, काटकुळी मुलगी उठवली. आणि वर्गातली तिसरी एकजण, जिच्या अंगावर गणवेश नेहमी एक वर्ष जुना वाटायचा, तिला बाई म्हणाल्या, "तुझ्या हातात जोर आहे, तू पडदा ओढ."

बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे आज कळतं. रंगभूमीच्या दृष्टीने तर निवड अचूकच होती. पण तेरा वर्षांच्या मुलीला घरी जाऊन "मी खान झाले" हे सांगताना जे वाटतं, त्याला मराठीत शब्द नाही. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "मग मेकप नको ना?"

घरात माझ्या उंचीचा प्रश्न आधीच ऐरणीवर होता. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर बाबा दर गुढीपाडव्याला पेन्सिलीने रेघ मारून आमची उंची नोंदवायचे. डावीकडे माझ्या रेघा, उजवीकडे भावाच्या. सातवीत माझी रेघ आईच्या खांद्यावरून थेट कानापर्यंत गेली. आजीने चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाली, "हिची रेघ आता नका मारू." का, ते सांगितलं नाही. पण रविवारी पेपरातल्या 'वधू पाहिजे'च्या जाहिराती ती मोठ्याने वाचायची, आणि त्यात 'गोरी, सडपातळ' आलं की तिचा आवाज उंचीपाशी येऊन अडखळायचा. "पाच दोन... पाच तीन..." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायची. पुढच्या पाडव्याला बाबांनी फक्त भावाला चौकटीशी उभं केलं. त्याची रेघ बोटभर वर सरकली होती. त्याला गूळखोबरं मिळालं.

त्या वर्षी मी वाकायला शिकले. हे वाकणं एका दिवसात येत नाही, ती साधना आहे. आधी मान, मग खांदे, मग एक गुडघा जरा सैल सोडायचा. दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरायचं, म्हणजे वाकायला सबळ कारण मिळतं. मैत्रिणींबरोबर चालताना रस्त्याच्या उताराची बाजू आपण घ्यायची. साताऱ्यात उतारांना तोटा नाही, एवढं माझं नशीब. चपलांच्या दुकानात मात्र ही विद्या चालत नसे. पाय कुठे दुमडणार? दुकानदाराने तीन खोकी उघडली, बंद केली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा मायाळू आवाजात सांगितलं, "ताई, तुम्ही जेन्ट्समध्ये बघा."

पुढे कधीतरी वाचलं, तेव्हा या सगळ्याचा उलगडा झाला. वाढीच्या वयात हातपाय आधी पळत सुटतात, धड मागून येतं. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमाराला सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. आणि पाळी सुरू झाल्यावर मुलगी आणखी फार वाढत नाही, बहुधा दोनतीन इंच. म्हणजे आजी ज्या वेगाने हिशेब करून माझ्यासाठी साडेसहा फुटी नवरा शोधत होती, तो वेग तेव्हाच ओसरत आला होता. नववीनंतर मी जेमतेम अर्धा इंच वाढले. हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर घरातल्या तिघींची झोप वाचली असती. शाळेत शरीरशास्त्राचा धडा होता, पण त्यात बेडकाचं शरीर होतं.

संमेलनाचा दिवस. पोटाला उशी, अंगात कुणाच्या तरी वडिलांचा लांब कोट, आणि काथ्या काळा रंगवून केलेली, डिंकाने चिकटवलेली दाढी. प्रवेश छान रंगला. आता आलिंगन. महाराज माझ्या बरगडीपर्यंत येत होते. बाईंनी तालमीत बजावलं होतं, "खान, तू वाकायचं नाहीस. ताठ उभी राहा!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ताठ उभं राहायला सांगितलं होतं, आणि नेमकं तेव्हाच अंगवळणी पडलेलं वाकणं आडवं आलं. मी वाकले. महाराजांचा जिरेटोप माझ्या हनुवटीला लागला आणि दाढीची डावी बाजू सुटून लोंबायला लागली. अर्धी दाढी गालावर, अर्धी हवेत, अशा अवस्थेत मी "दगा! दगा!" ओरडत कोसळले. समोर सतरंज्यांवर अख्खी शाळा, मागे खुर्च्यांवर पालक. मेल्यावरही मी एक डोळा उघडून पाहिलं. सगळे माझ्या दाढीकडेच बघत होते.

डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये या वयातल्या एका चमत्काराला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. पोरवयात माणसाला वाटतं, सारं जग खुर्च्या टाकून आपल्याकडेच बघत बसलंय. माझे प्रेक्षक काल्पनिक नव्हते, त्यांना आम्ही निमंत्रणपत्रिका दिल्या होत्या. पण खरी गंमत पुढेच आहे. 2000 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, चारचौघांत घालायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही लक्षात आलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, टी-शर्टचं सोडा, लोंबती दाढी लावून पाठवायचं होतं.

गेल्या वर्षी आमच्या तुकडीचं संमेलन साताऱ्यातच भरलं. आता सगळ्यांनाच चष्मे, निम्म्यांचे गुडघे कुरकुरणारे. जेवणं झाल्यावर मी 35 वर्षं पोटात ठेवलेला विषय काढला. "माझी दाढी पडली होती, आठवतं?"

कुणालाही आठवत नव्हतं.

एकजण म्हणाली, "कुठलं नाटक गं? माझ्या नाकावर त्या दिवशी एवढी मोठी पुटकुळी आली होती, मी पूर्ण वेळ रुमाल धरून बसले होते." दुसरीला फक्त घामाने भिजलेल्या स्वतःच्या काखा आठवत होत्या आणि त्यापायी आभार मानताना हात जोडायचे राहिले ते. पडदेवालीला पडदा आठवत होता. "मला पुढे यायचंच नव्हतं," ती म्हणाली. "बाईंनी पडदा दिला तेव्हा मी देवाचे आभार मानले. पडद्यामागे कुणाला दिसतं?" मग जरा थांबून, "पण दोरी ओढताना ब्लाउजची शिवण उसवली. तुमचा तो खान मरेपर्यंत मी भिंतीला पाठ लावून उभी होते." त्या वर्गात 52 मुली होत्या. प्रत्येकीचा एकेक प्रवेश चालू होता, आणि आम्ही कुणीच कुणाचं नाटक पाहिलं नव्हतं.

महाराज तेवढे गप्प होते. (तिला आम्ही अजून महाराजच म्हणतो. आता ती बँकेत मोठ्या पदावर आहे आणि तिला ते शोभतं.) मी म्हटलं, "तुझं बरं होतं बाई. मुख्य भूमिका, टाळ्या, पहिलं बक्षीस." ती समोरची बडीशेप निवडत राहिली. मग म्हणाली, "मला का घेतलं माहितीये? कपडे देणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, हिचं सोपं आहे, अंगरखा घातला की मुलगाच दिसते, बांधायला-लपवायला काही नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन आईच्या कपाटातल्या आरशासमोर उभी राहिले आणि रडले. तू माझ्यासमोर उभी होतीस ना उशी बांधून, तर मला वाटत होतं, हिला निदान अंग तरी आहे."

मी तिची असूया करत होते आणि ती माझ्या उशीची.

निघताना कुणीतरी म्हणालं, खान आणि महाराजांचा एक फोटो होऊ दे. आम्ही हॉटेलच्या पायरीवर उभ्या राहिलो, तिने माझ्या खांद्यावर हात टाकला. रात्री ग्रुपवर फोटो आला तेव्हा मी तो मोठा करून पाहिला. सवयीने मी गुडघ्यात वाकलेली होते, आणि ती चवड्यांवर उभी होती. फोटोत आम्ही दोघी एकाच उंचीच्या आलो आहोत.