अमेरिका-दर्शन : प्राथमिक परिचय

अमेरिका-दर्शन हा पिंपरी-चिंचवडमधील निवृत्त दांपत्यांचा हंगामी व्यवसाय आहे. तो एप्रिल-मे महिन्यात सुरू होतो आणि बहुधा दिवाळीच्या आत संपतो. निगडी प्राधिकरण, चिंचवड, पिंपळे सौदागर या भागांत त्याचे प्रमाण विशेष. 1960च्या दशकात इथे एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. तिन्ही शिफ्टमध्ये घाम गाळलेल्या माणसांनी प्राधिकरणात प्लॉट घेतले आणि जितकी मुले तितक्या खोल्या बांधल्या. मुले इंजिनिअर झाली, हिंजवडीमार्गे न्यू जर्सीला गेली, खोल्या मात्र जागच्या जागी राहिल्या. त्यांना कुलूप लावून, किल्ली शेजाऱ्यांकडे आणि तुळस कामवाल्या मावशींकडे सोपवून दांपत्य घराबाहेर पडते.

या प्रवासातले पहिले प्रेक्षणीय स्थळ वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अमेरिकेची मुंबईतील वकिलात 2011 मध्ये ब्रीच कँडीहून तिथे हलली. माणशी 185 डॉलर भरून मिळणारी मुलाखत अनेकदा पाच मिनिटेही चालत नाही. ‘कशासाठी जाताय?’ या प्रश्नाला ‘फिरायला’ हे उत्तर आठवडाभर पाठ केलेले असते. खरे कारण तिकडे सातव्या महिन्यात असते. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. बाळाला तेल लावणे, डिंकाचे लाडू वळणे, रात्री दोनला पाळणा हलवणे या गोष्टी नोकरीत मोडत नाहीत, कारण नोकरीला साप्ताहिक सुट्टी असते.

सामानाविषयी थोडक्यात. प्रत्येक बॅग 23 किलोची. तीत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि बाकरवडी. हे सगळे एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिळते आणि ते सर्वांना माहीत असते. तरीही बॅग भरली जाते.

अमेरिकेत पोचल्यावर दर्शनाचे वेळापत्रक मुलाच्या रजेवर ठरते. सोमवार ते शुक्रवार दांपत्य घर पाहते. घरात बेसमेंट असते, गॅरेज असते, वापरायची परवानगी नसलेला एक ओव्हन असतो. बाहेर स्वच्छ फुटपाथ असतो आणि त्यावर माणूस नसतो. शनिवारी कॉस्को, रविवारी देऊळ. उरलेली अमेरिका मेच्या अखेरचा मेमोरियल डे, चार जुलै आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे अशा तीन लाँग वीकेंडांत बसवायची असते. नेमक्या याच दिवशी बाकीचे अमेरिकनही घराबाहेर पडतात. त्यामुळे दांपत्याच्या आठवणीतील अमेरिका ही प्रामुख्याने पार्किंग शोधणाऱ्या लोकांचा देश असते.

नायगारा अनिवार्य आहे. एडिसनहून तो सहा-सात तासांवर. अमेरिकेच्या बाजूचे उद्यान 1885 पासूनचे, त्या देशातील सर्वांत जुने राज्य उद्यान. उद्यानात जायला पैसे पडत नाहीत, पडतात ते गाडी उभी करायला. ‘मेड ऑफ द मिस्ट’ या बोटीचे तिकीट काढले की निळा रेनकोट मिळतो. तो लोणावळ्याच्या सहलीसाठी घडी घालून परत आणला जातो. समोर कॅनडा दिसतो. तिकडून धबधबा जास्त चांगला दिसतो हे तिथे पोचल्यावर कळते, आणि त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो हेही. जाताना आणि येताना रेस्ट एरियात मेथीचे ठेपले निघतात. दर्शनाचा हा भाग कोणतीही तक्रार न येता पार पडतो.

यानंतर स्वातंत्र्यदेवता. इथे शास्त्राला थोडे थांबावे लागते. मुलगा फोटो काढत असतो, सून स्ट्रोलर धरून उभी असते आणि टेल्कोच्या प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेले बाबा पुतळ्याच्या पत्र्याकडे पाहत असतात. 1886 मध्ये उभ्या राहिलेल्या या पुतळ्याचे अंग तांब्याच्या पत्र्याचे आहे आणि पत्र्याची जाडी जेमतेम 2.4 मिलिमीटर. तो हातोड्यांनी ठोकून घडवलेला आहे. आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव आयफेलच्या रचनेचा. लोखंड आणि तांबे यांच्यामधले इन्सुलेशन झिजले, ओल शिरली आणि पट्ट्या गंजल्या. 1984 ते 1986 च्या दुरुस्तीत त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की काय होते, हे भोसरीच्या फॅब्रिकेशन शॉपमधला हेल्परही सांगेल. बाबांनाही ते सांगायचे असते. पण रांग पुढे सरकलेली असते आणि ‘बाबा, इकडे बघा, हसा’ अशी सूचना झालेली असते.

शिकागोतही हेच घडते. मिलेनियम पार्कमधले ‘क्लाऊड गेट’ हे चकचकीत शिल्प मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे. स्टेनलेस स्टीलच्या 168 प्लेटा जोडून ते घडवले आणि 2006 मध्ये पूर्ण झाले. जोड कुठेही दिसत नाहीत. पर्यटक त्यात आपला चेहरा पाहतात. चिंचवडचे काका खाली वाकून वेल्डिंग शोधतात. ते सापडत नाही तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो नायगाऱ्यासमोर उमटलेला नसतो. ग्राइंडिंग आणि पॉलिशिंगला किती हात लागले असतील याचा हिशेब ते मनात करतात. बरोबरच्या मंडळींना वाटते, कंबर धरली.

इंडियाना राज्यातील कोलंबस हे सुमारे 50 हजार वस्तीचे गाव या शास्त्रातला सर्वांत दुर्लक्षित अध्याय आहे. कमिन्सचे मुख्यालय इथे आहे. 1962 पासून कमिन्स पुण्यात असल्याने या गावात मराठी कानाला नवी नाही. कंपनीच्या प्रतिष्ठानने सार्वजनिक इमारतींसाठी वास्तुरचनाकारांची फी स्वतः भरली. गावात जगातल्या नामवंतांच्या इमारती उभ्या आहेत. एलिएल सारिनेन यांचे 1942 चे चर्च, त्यांचे पुत्र ईरो यांचे 1964 चे दुसरे, आय. एम. पेई यांचे 1969 चे ग्रंथालय. लोक विमानाने येऊन हे गाव पाहतात. तिथेच राहणाऱ्या मुलाकडे आलेल्या आई-वडिलांना मात्र पहिल्याच दिवशी सांगितले जाते, ‘इथे बघण्यासारखं काही नाही, आपण नायगाऱ्याला जाऊ.’

आईंचा प्रश्न थोडा वेगळा. त्या महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या असल्या, तरी त्यांना अमेरिकन शाळेपैकी फक्त पिवळी बस दिसते, तीही स्वयंपाकघराच्या खिडकीतून. नातलगाच्या निमित्ताने अमेरिका पाहण्याची मराठी परंपरा मात्र एका बाईपासून सुरू होते. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि 1888 पर्यंत त्या देशात राहिल्या. शाळा, स्त्रियांच्या संस्था, दानधर्माची पद्धत असे काय काय पाहिले आणि 1889 मध्ये मराठीत त्यावर पुस्तक लिहिले. तिथल्या वर्णद्वेषाची झाडाझडतीही त्यात आहे. त्यांना घेऊन फिरणारा मुलगा नव्हता, हा त्यांचा मोठा फायदा. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पॉकिप्सीच्या स्मशानभूमीत आहेत. न्यू जर्सीहून ते गाव एका दिवसात करून येण्यासारखे आहे. पण वाटेत आउटलेट मॉल आहे आणि गाडी तिकडे वळते.

परतल्यावर ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर दर्शनाची तपासणी होते. भाजी कितीला, दवाखाना किती महाग, व्हीलचेअर मिळाली का, एवढेच प्रश्न येतात. व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो, त्यामुळे दुसरी खेप ठरलेली. दुसऱ्या खेपेला नवीन स्थळे नसतात, नवीन नातवंड असते.

डिट्रॉइटच्या आसपास मुलगा असेल तर एक सोय मात्र उपलब्ध आहे. डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालयातून फोर्डच्या रूज कारखान्याची सहल निघते. वरच्या मार्गिकेवरून एफ-150 ट्रकची जोडणी चाललेली पाहता येते. निगडीच्या माणसाला तिथे मार्गदर्शक लागत नाही, उलट तोच चार गोष्टी समजावून सांगतो. ‘बाबा, तुम्हाला बोअर होईल’ असे म्हणणाऱ्या मुलांनी ही सहल एकदा करून पाहावी. लाइन चालू असताना जावे, म्हणजे कामाच्या दिवशी. त्यासाठी एक दिवसाची रजा टाकावी लागेल.