फाशांना फाशी कशाला?

अमेरिकेतल्या बेसबॉलचा एक संसार जेवणाच्या टेबलावर मांडला जातो. तिथे खेळाडू म्हणजे पुठ्ठ्याची कार्डं, आणि घाम येतो तो फक्त मॅनेजरला. हॅल रिचमन या गृहस्थाने वयाच्या अकराव्या वर्षी या खेळाचा ध्यास घेतला आणि १९६१ मध्ये तो ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या नावाने बाजारात आणला. खऱ्या खेळाडूने गेल्या मोसमात जे दिवे लावले, ते त्याच्या कार्डावर आकड्यांत उतरतात. मग तीन फासे टाकायचे. एकावर एक ते तीन पडले तर बॅटरचं कार्ड वाचायचं, चार ते सहा पडले तर पिचरचं. उरलेल्या दोघांची बेरीज काय घडलं ते सांगते. आपल्या शाळेतल्या पुस्तकी क्रिकेटशी याचं नातं आहे, पण लांबचं. पुस्तकाच्या पानाला सचिन आणि अकरावा गडी यांत फरक कळत नाही. या कार्डाला कळतो. लीगमध्ये मंडळी ड्राफ्ट करून खेळाडू वाटून घेतात, प्रत्येक जण आपापली यादी सांभाळतो, पुष्कळ ठिकाणी चांगला १६२ सामन्यांचा मोसम खेळतात, आणि हरलेला प्रत्येक जण म्हणतो, ‘फासेच वाईट पडले.’ या आरोपींचं वकीलपत्र मी घेतलं आहे. माझं म्हणणं इतकंच, की टेबलावर हरलेला संघ बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी कागदावर हरलेला असतो. फासे फक्त निकाल वाचून दाखवतात.

पहिला पुरावा गणिताचा. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी बेरीज सात येते ती सहांत, दोन येते ती एकाच. हे प्रमाण मॅनेजरच्या जन्मपत्रिकेने बदलत नाही. पूर्ण मोसमात एका संघाच्या बॅटरांसाठी फासे सहा हजारांच्या आसपास वेळा पडतात. एवढ्या वेळा पडताना ते एकाच घरावर डूख धरतील, हे मानायला फार मोठा अहंकार लागतो. यावर हरकत येते, की सात सामन्यांच्या अंतिम मालिकेचं काय? हरकत मान्य. सात सामन्यांत फासे कोणाचीही मान मुरगळू शकतात. पण फाशांना शिव्या देणारे बहुसंख्य मॅनेजर अंतिम मालिकेच्या आसपासही फिरकलेले नसतात. ते हरलेले असतात त्या लांबलचक मोसमात, जिथे दैवाचा जमाखर्च बराचसा जुळत येतो आणि शिल्लक उरते ती यादी.

आता ही यादी बिघडते कशी ते पाहू. दुसरा कॅचर ही वस्तू घरातल्या भरलेल्या जादा सिलिंडरसारखी असते. असताना तिची आठवण नाही आणि नसल्याचं कळतं ते नेमकं पाहुणे आल्यावर. खरा कॅचर वर्षात ११० सामने खेळला असेल, तर उरलेल्या ५२ सामन्यांचं काय, हा प्रश्न ड्राफ्टच्या दिवशी कोणालाच पडत नाही. तेव्हा सगळ्यांचे डोळे होमरनवर. त्यातून चमत्कारी कार्डांचा मोह. १९९८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या शेन स्पेन्सरने अवघ्या ६७ संधींत दहा होमरन मारले. कार्ड बनतं ते या प्रमाणावरून. ते सहाशे संधींत वापरलं, तर हिशेब नव्वदच्या जवळ जातो, आणि बॅरी बाँड्सचा २००१ चा ७३ होमरनचा विक्रम एका पुठ्ठ्यापुढे लाजून खाली बसतो. खरा स्पेन्सर पुढच्या सहा वर्षांत मिळून ४९ वर थांबला. तसाच १९५७ चा मिलवॉकीचा बॉब हेझल: १३४ संधी, ५४ हिट, आणि पुढच्या मोसमानंतर मेजर लीगमधून कायमचा अंतर्धान. म्हणून अनेक लीगांत नियम असतो, की खेळाडू प्रत्यक्षात जितका खेळला तितकाच टेबलावरही खेळवायचा. तरीही असं कार्ड घेऊन जून संपायच्या आत संपवून टाकणारे महाभाग असतात. पहिल्या आठवड्यात मुठीने काजू वाटले, तर महिनाअखेरीला डबा रिकामा निघणारच. त्यात वाण्याचा काय दोष?

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. कार्डावरचे आकडे सगळ्यांना उघड दिसतात, मग कौशल्य उरलं कुठे? उत्तर असं, की कार्ड गेल्या वर्षाचं असतं, पण जिथे खेळाडू वर्षानुवर्षं राखता येतात तिथे माणूस पुढच्या वर्षासाठी ठेवायचा असतो. छत्तिशीतल्या बॅटरचं झळाळतं कार्ड म्हणजे अढीतला शेवटचा हापूस. वास घरभर दरवळतो आहे, भाव आज सर्वांत चढा आहे आणि डाग उद्या पडणार आहे. शहाण्याने तो आजच विकावा आणि बदल्यात दोन कैऱ्या घ्याव्यात. हे सर्वांना पटतं, दुसऱ्याच्या आंब्याबाबत. आपला असला की ‘याने आपल्याला किती जिंकून दिलं’ ही कृतज्ञता आडवी येते. पुठ्ठ्याला ही कृतज्ञता पोचत नाही. यादीतली एक जागा मात्र तिच्यापायी अडते.

शेवटची हरकत घरच्यांची: या लुटुपुटूच्या खेळात एवढं डोकं कशाला? तर डोकं लागतं म्हणूनच तो खेळ. रॉबर्ट कूव्हर यांनी १९६८ च्या कादंबरीत फाशांच्या बेसबॉलने झपाटलेला नायक रंगवला, तो पेशाने हिशेबनीस आहे. निवड अचूक म्हणायला हवी. आणि पूर्वदाखलाच हवा असेल तर आपल्या घरचा आहे. शकुनीच्या बाजूने लबाडी झाली हे मान्य, पण पणाला कोणाला आणि कोणत्या क्रमाने लावायचं, ती यादी धर्मराजाची स्वतःची होती. भावांमध्ये पहिलं नाव त्याने नकुलाचं घातलं. तेव्हा फाशांना निर्दोष सोडून द्यावं, ही विनंती. खरा आरोपी जामिनावर बाहेर आहे आणि पुढच्या ड्राफ्टसाठी नवी यादी लिहितो आहे. दुसऱ्या कॅचरची जागा त्याने, अर्थातच, सवडीने भरायची म्हणून कोरी ठेवली आहे.