आप्पा मशीन बघतात

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाला लाकूडकामाचं मशीन घ्यायचं झालं की तो बँकेत जायच्या आधी आप्पांकडे जातो. आप्पांचा फर्निचरचा कारखाना आहे. म्हणजे पत्र्याची एक शेड, सहा-सात मिस्त्री, एक बँडसॉ, एक सरफेसर आणि आप्पा. थिकनेसर नाही. तो घ्यायचाय. धाकटा मुलगा बारावीला होता तेव्हाही तो घ्यायचाच होता, आता धाकटा इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागलाय.

ज्यांचा सुताराशी संबंध पावसाळ्यात दार फुगल्यावरच येतो त्यांच्यासाठी सांगतो. थिकनेसर म्हणजे फळीला सारखी जाडी देणारं रंध्याचं मशीन. खाली लोखंडी बेड, वर पाती बसवलेला गरगर फिरणारा ब्लॉक, त्याच्या पुढे-मागे एकेक रोलर. पुढचा रोलर फळी आत ओढतो, ब्लॉक वरचा थर काढतो, मागचा रोलर ती बाहेर ढकलतो. बेड वरखाली करायला एक चाक असतं. सहा सुतावर चाक लावलं की फळी सहा सूतच होणार, मग मिस्त्रीची तब्येत कशीही असो. हातरंध्यानं हेच काम करायचं तर माणूस घामाघूम होतो आणि संध्याकाळी फळीची दोन टोकं एकमेकांशी पटत नाहीत. एवढं साधं मशीन. यात बघण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आप्पांना भेटलेला नाही.

आप्पा शोरूममध्ये शिरले की आधी मशीनकडे बघतच नाहीत. त्याच्या बुडाशी उकिडवे बसतात आणि बोटाच्या पेरानं बेडवर ठोकतात. कान लावून ऐकतात. पुन्हा ठोकतात. तरुणपणी शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डिंगवर होते, त्यामुळे ओतीव लोखंडाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. बिडाचा आवाज बोदा येतो, पत्रा-अँगल जोडून केलेल्या बॉडीचा टणटणीत येतो. बीड थरथर पोटात जिरवतं, पत्रा ती फळीवर उतरवतो. हे सगळं खरं आहे. पण राजकोटहून आलेला तो कोवळा सेल्समन "साहब, पूरा कास्ट आयर्न है" असं म्हणत असताना आप्पा त्याला विचारतात, "कास्टिंग ओतल्यावर किती दिवस बाहेर टाकून ठेवलं होतं?"

पूर्वी चांगले कारखाने ओतलेलं बीड महिनोन् महिने उन्हापावसात टाकून ठेवायचे. आतला ताण निघून गेला की मगच त्याला मशीनिंगला घ्यायचे, म्हणजे पुढे बेड वाकत नसे. हेही खरंच आहे. सेल्समन मात्र मार्केटिंग शिकून आलेला असतो. तो फोन काढतो, कंपनीला लावतो, कंपनी आणखी कुणाला तरी लावते, आणि तोवर आप्पा दुसऱ्या बाजूनं ठोकायला लागलेले असतात.

मग रुंदीचा प्रश्न. बारा इंच, अठरा इंच की चोवीस इंच? यावर आप्पांच्या शेडमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी दांडेलीहून इथवर येणाऱ्या सागवानाच्या भावावरही झाली नसेल. बारा इंची छोटी मशीनं टेबलावर बसतात, घरगुती विजेवर चालतात, गडी एका हातानं सरकवतो. आप्पांना ती खेळणी वाटतात. चोवीस इंची घ्यावं तर शेडचं दार काढावं लागतं. मधलं अठरा इंची सगळ्यांना पटतं, आप्पांनाही पटतं. त्यांनी एकदा जुनी वही काढून आजवर कारखान्यात आलेली सर्वांत रुंद फळी किती होती ते शोधलं. अकरा इंच निघाली. मिस्त्रींना वाटलं, झालं, सुटला प्रश्न. आप्पा म्हणाले, "आणि उद्या कुणी फणसाची अखंड वीस इंची फळी घेऊन आला तर?" फणसाची वीस इंची फळी घेऊन येणाऱ्या त्या माणसाची शेड अजून वाट बघते आहे.

पात्यांचं प्रकरण त्याहून खोल. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात एक चुन्याची डबी असते. आप्पा तंबाखू खात नाहीत. डबीत कापसाच्या बोळ्यावर कार्बाइडचं एक चौकोनी पातं ठेवलेलं आहे, नखापेक्षा थोडं मोठं, मधोमध स्क्रूचं भोक. चारी कडांना धार. जुन्या पद्धतीच्या ब्लॉकमध्ये तीन-चार लांब सरळ पाती असतात. लाकडात खिळा निघाला की पात्याला खाच पडते आणि मग प्रत्येक फळीवर त्या जागी एक बारीक उंचवटा उमटत राहतो, पातं उतरवून धार लावेपर्यंत. नव्या पेचदार ब्लॉकवर अशी छोटी पाती डझनांनी बसवलेली असतात. खाच पडली तर तेवढं एकच पातं ढिलं करायचं, पाव फेरा फिरवायचं, आवळायचं, की नवी धार. आवाज कमी, उलट्या रेषेच्या लाकडाचे टवके कमी. किंमत मात्र ऐकून माणूस खाली बसतो. आप्पा डबी उघडतात, पातं चिमटीत धरून उजेडात फिरवतात, "बघ, ही एक धार, ही दोन" असं चारपर्यंत मोजतात आणि परत कापसात ठेवतात. मी हा कार्यक्रम लग्नाच्या पंगतीत पाहिलाय. शेजारच्या पाहुण्यांनी तिसऱ्या धारेला जिलबी मागून घेतली.

हिशोबात तर आप्पांचा हात कुणी धरू शकत नाही. "तीन पाती, मिनिटाला पाच हजार फेरे. म्हणजे पंधरा हजार काप. फळी मिनिटाला आठ मीटर सरकली तर दोन कापांत अंतर किती? अर्ध्या मिलीमीटरहून जरा जास्त. तीच सोळा मीटरनं पळवलीस तर एक मिलीमीटरच्या वर गेलं. मग पॉलिश मारल्यावर तिरप्या उजेडात लाटा दिसणार. गिऱ्हाईक काय पैसे लाटांचे देतंय व्हय?" हे ते तोंडी करतात. हाच माणूस वीजबिलाचा आकडा मात्र तीनदा वाचतो आणि तरी महावितरणच्या काउंटरवर जाऊन भांडतो. साडेसात हॉर्सपॉवर म्हणजे साडेपाच किलोवॅटच्या वर, त्यासाठी थ्री फेज, मंजूर भार वाढवायला अर्ज, स्टार-डेल्टा स्टार्टर. यातला अर्ज झालाय. भार वाढून आलाय. स्टार्टर भिंतीवर बसलाय. त्याच्यातून निघालेली केबल खाली येते आणि जमिनीवर वेटोळं घालून पडते. तिच्यासमोर खडूनं एक चौकोन आखलाय, त्यात मशीन बसणार. त्या चौकोनात फळ्या रचायच्या नाहीत असा नियम आहे. नव्या पोरानं चुकून गोंदाचा डबा ठेवला होता, त्याला आप्पांनी तासभर व्हायब्रेशनबद्दल सांगितलं.

भुस्सासुद्धा ठरलाय. अठरा इंची थिकनेसर मिनिटात पोतंभर छिलपा काढतो. तो कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला हातकणंगल्याचा एक पोल्ट्रीवाला उचलणार आहे. त्याचा भाव, त्याचा वार, पोती कुणाची, सगळं ठरलंय. पोल्ट्रीवाला बिचारा अधूनमधून फोन करून विचारतो, "आप्पा, झालं का?"

आणि ती फळी. आप्पा परीक्षेला स्वतःची फळी घेऊन जातात. शोरूमवाले डेमोला गुळगुळीत पाइन ठेवतात, त्यावर कुठलंही मशीन चांगलंच दिसतं, असं आप्पांचं म्हणणं, आणि बरोबर आहे. म्हणून त्यांनी बाभळीची एक नाठाळ फळी निवडली, मध्ये गाठ, रेषा दोन्हीकडून उलट्या, दीड इंच जाड. ही फळी त्यांनी पुण्याला नेली, बेळगावला नेली, बंगळूरच्या इंडियावुड प्रदर्शनाला रेल्वेनं नेली. प्रत्येक ठिकाणी ती मशीनमधून दोनदा-तीनदा काढून घ्यायची, बोट फिरवायचं, टोकं बघायची. फळी शिरताना आणि सुटताना एकाच रोलरच्या तावडीत असते, तेव्हा टोक उचललं जातं आणि तिथे जास्त खाल्लं जातं. किती खाल्लं ते आप्पा मोजतात. तैवानच्या मशीननं कमी खाल्लं, इटलीच्यानं त्याहून कमी, एका देशी मशीननं एवढं खाल्लं की आप्पांनी त्या मालकाला चहासुद्धा पिऊ दिला नाही. दर वेळी फळीवर पेन्सिलीनं तारीख आणि गाव लिहितात, पण पुढच्या मशीनमध्ये ते रंधून जातं. दीड इंचाची फळी आता दोन सूत उरली आहे. एवढी पातळ फळी शेवटच्या दोघांनी मशीनमध्ये घालायला नाही म्हटलं. म्हणून आप्पांनी आता नवी फळी सुकायला ठेवली आहे. बाभूळ आहे, वेळ लागणार.

घरात यावर फार बोललं जात नाही. वहिनी एकदाच म्हणाल्या होत्या, "मला बघायला आले तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता." आप्पांनी त्यावर मान खाली घालून चहा प्यायला. धाकट्यानं पुण्याहून तक्ता करून पाठवला, पंधरा मशीनं, किंमत, वजन, हॉर्सपॉवर, सगळं. आप्पांनी तो छापून आणला, त्याला आणखी दोन रकाने जोडले आणि म्हणाले, पोरगं हुशार आहे, घाई मात्र करतंय.

घाई म्हटल्यावर त्यांची ठरलेली गोष्ट येतेच. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ नावाच्या माणसानं 1828 मध्ये रंध्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. ते चौदा वर्षांचं होतं, पण मुदत वाढत वाढत 1856 पर्यंत चाललं. तेवढा काळ जो तो एक तर पेटंटवाल्यांना पैसे मोजत होता नाहीतर कोर्टात भांडत होता. "अठ्ठावीस वर्षं," आप्पा म्हणतात, "अख्खी अमेरिका थांबली. आणि आपण जरा बघतोय तर तुमच्या पोटात दुखायलंय." अमेरिका थांबली नव्हती, पैसे भरून रंधा मारत होती, हे मी एकदा सुचवलं. त्यांनी डबी काढली.

आप्पांची टर उडवणं सोपं आहे, पण त्यांचं ज्ञान बावनकशी आहे हे कबूल केलंच पाहिजे. वाकडी फळी थिकनेसरमध्ये घालून सरळ होत नाही, हे कागलच्या एका कारखानदाराला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. रोलर तिला दाबून सपाट करतात, वरचा थर निघतो, पलीकडे सुटली की ती परत वाकते. सारख्या जाडीची वाकडी फळी मिळते, बस्स. आधी सरफेसरवर एक बाजू सरळ करायची, मग ती बाजू खाली ठेवून थिकनेसरमध्ये. हे न सांगता त्याला मशीन विकणारे तिघे होते. सागवानात वाळूचाच अंश असतो आणि साधी पाती त्यानं लवकर बोथटतात, हेही मशीन विकणारा सांगत नाही, आप्पा सांगतात. त्यांच्या सल्ल्यानं घेतलेलं एकही मशीन आजवर कुणी परत केलेलं नाही.

त्यातलंच एक आप्पांच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमध्ये आहे. शेजारी नवीन होता, दारं-खिडक्या करणारा. आप्पांकडे विचारायला आला. आप्पांनी त्याला दोन तास बसवून घेतलं, अठरा इंची सांग, बीडच घे, पेचदार ब्लॉक नसेल परवडत तर चार पात्यांचा घे, बेडखाली चार खांब असलेला घे, एकाच मध्यवर्ती स्क्रूवरचा नको, असं सगळं लिहून दिलं. शेजाऱ्यानं कागद खिशात घातला आणि पुढच्या आठवड्यात मशीन उतरवलं. आप्पांनी स्वतः जाऊन ओळंबा-लेव्हल लावली, डायल लावून पाती बसवून दिली, नारळ फोडला.

तेव्हापासून आप्पांच्या फळ्या तिथे रंधायला जातात. फुटावर भाव ठरलाय. रोज सकाळी दोन गडी ढीग उचलून भिंतीपलीकडे नेतात, दुपारी परत आणतात. महिनाअखेरीला आप्पा बिल चुकतं करतात, एक रुपया कमी करत नाहीत, कारण पाती राखायला काय लागतं ते त्यांना माहीत आहे. शेजाऱ्यानं परवा पेढे आणून दिले. मशीनचं कर्ज फिटलं म्हणून. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि भिंतीपलीकडून येणारा आवाज जरा वेळ ऐकला. "दुसऱ्या पात्याची धार गेलीय," म्हणाले. गेलीच होती.

तेव्हा तुम्हाला थिकनेसर घ्यायचा असेल तर आप्पांकडे जरूर जा. सकाळी नऊनंतर असतात. चहा देतील, डबी दाखवतील, एक पैसा न घेता असा सल्ला देतील की कुठली कंपनी देणार नाही. तो सगळा लिहून घ्या. फक्त दुकानात जाताना त्यांना सोबत नेऊ नका.