डॉलरवाल्यांनी पुढे यावे

भांडवलशाही बरी की समाजवाद, यावर तावातावाने भांडणाऱ्यांनी जाहीरनामे मिटून ठेवावेत आणि सरळ रांगेत जाऊन उभं राहावं. व्यवस्था कळते ती तिथेच.

पूर्व जर्मनीत ट्राबांट गाडीसाठी नाव नोंदवलं की दहा-बारा वर्षं वाट पाहायची. गाडी तरी कसली? दोन सिलिंडर, पत्र्याऐवजी राळ-कापसाचं अंग आणि मागे धुराचा लोट. पण जुनी ट्राबांट नवीपेक्षा महाग जायची, कारण ती लगेच मिळायची. कामगारांचं राज्य, तेव्हा सगळे समान. फक्त पश्चिमेत एखादा मामा असला आणि त्याने तिकडचे मार्क 'गेनेक्स' नावाच्या सरकारी कंपनीत भरले, की भाच्याची रांग संपली.

आपण तर मिश्र अर्थव्यवस्थावाले. आकुर्डीचा बजाजचा कारखाना खासगी, पण स्कूटरी किती काढायच्या ते दिल्ली सांगणार. जावयाला चेतक द्यायची तर मुलगी शाळेत असतानाच नंबर लावून ठेवावा लागे. डॉलर भरणाऱ्याला मात्र वेगळा कोटा. टेलिफोनसाठी जादा अनामत भरून पुढे सरकायची तर सरकारमान्य योजनाच होती, आणि गॅसला खासदाराचं कुपन चाले. समाजवादी धाटणीचा समाज म्हणतात तो हाच.

पुढे परवाने सैल झाले, कारखान्यांनी माल ओतला आणि स्कूटरची रांग विरघळली. हे श्रेय बाजाराचंच; ते नाकारणाऱ्याने चेतकसाठी नंबर लावलेला नसावा.

आता त्याच चेतकवाल्यांची मुलं मुक्त बाजाराच्या माहेरघरी, न्यू जर्सीत, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. नोकरीच्या जोरावर मिळणाऱ्या कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश भारत असो की आइसलंड. आपल्या नियोजन आयोगालाही इतका सुबक कोटा सुचला नसता. आईबाप रांगेत असतानाच पोरगं एकवीस वर्षांचं झालं, तर ते त्यांच्या अर्जातून गळूही शकतं. सिलिकॉन व्हॅली चालवणारा माणूस दर महिन्याला सरकारी तक्ता उघडून आपली तारीख किती सरकली ते बघतो. कधीकधी ती मागेही जाते, हे ट्राबांटलाही जमलं नव्हतं.

अर्थात गुंतवणूकदारांसाठी ईबी-५ ही वेगळी खिडकी आहेच. आठ लाख डॉलरपासून पुढे. चेतकला लागायचे त्याहून जरा जास्त, इतकंच.