कॉन्टेसाचा जीर्णोद्धारक

मंदिरांचा जीर्णोद्धार करणाऱ्या पुण्यवान पुरुषांची परंपरा लोपली, असे ज्यांना वाटते त्यांनी, कापसाचे पैसे गावात खेळू लागले म्हणजे, राळेगावी येऊन एखाद्या वाड्यामागील गोठ्यात डोकवावे. तेथे टपावर पऱ्हाटीचा भारा आणि मागील आसनावर अंड्यांवर बसलेली कोंबडी, अशा अवस्थेत एक कॉन्टेसा उभी असते. आणि तिच्या उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेला, पन्नाशी उलटलेला जो गृहस्थ केवळ पायजम्यावरून ओळखू येतो, तोच आमचा जीर्णोद्धारक.

भारतात मसल कार झाली ती हीच एक, अशी त्याची निष्ठा आहे. लांब नाक आणि ऐसपैस डिकी पाहता ती क्षम्यही ठरते. परंतु विलायतेतील व्हॉक्सहॉलने बंद केलेल्या व्हीएक्स मोटारीवरून उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने 1984 च्या सुमारास ही गाडी बाजारात आणली, तेव्हा त्या विशाल देहात अँबॅसडरचेच 1489 सीसीचे, सुमारे 50 अश्वशक्तीचे इंजिन बसविले होते. इसुझूचे 1.8 लिटरचे जपानी इंजिन मागाहून आले. आमच्या गृहस्थाच्या नशिबी पहिलेच. ज्या ट्रॅक्टरने ती ओढून आणली त्याची अश्वशक्तीही तेवढीच होती, हे सालदाराच्या ध्यानी आले; पण मालकासमोर तो बोलला नाही.

दुरुस्तीचा क्रम पिकांवरून ठरतो. कापूस विकला की इंजिन, तूर विकली की पत्रा, आणि गारपीट झाली की नुसतेच धुणे-पुसणे. क्विंटलमागे दहा रुपयांसाठी व्यापाऱ्याशी दुपारपर्यंत हुज्जत घालणारा हा कास्तकार, 2002 साली उत्पादनच थांबलेल्या या मोटारीच्या दाराची एक मूठ नागपूरच्या भंगारातून मिळाली, म्हणजे मागेल ती किंमत मुकाट्याने मोजतो, घरी निम्मी जाहीर करतो आणि उरलेली खताच्या खाती टाकतो. त्याची वही खरी मानली, तर एवढा युरिया तालुक्यात दुसऱ्या कोणाच्याही वावरात पडलेला नाही.

परवा मिस्त्रीने एअर फिल्टरचे झाकण काढले, तो आत उंदरांनी कापूस पिंजून केलेली गादी आणि तीवर ओळीने लावलेली सरकी निघाली.

"भाऊ, इथं तं जिनिंगच सुरू आहे जी!" मिस्त्री उद्गारला.

"अवो, त्या सरकीचे तरी पैसे होतीन का?" हा प्रश्न माजघरातून आला, आणि त्यास उत्तर मिळाले नाही.

याहून बिकट प्रकरण दस्तऐवजांचे. पंधरा वर्षांची मुदत केव्हाच सरल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण आले, पर्यावरण कर आला, आणि मूळ मालक कैलासवासी असल्यामुळे वारसांची संमतीपत्रेही आली. मोटार गोठ्यात कुजत असताना ज्याला तिचे स्मरणही नव्हते, असा एक वारस इंजिन सुरू झाल्याची खबर लागताच हरकतीचा अर्ज घेऊन हजर झाला. त्याची समजूत क्लचच्या पैशांतून काढावी लागली.

इंजिन सुरू झाले, हे मात्र कबूल केले पाहिजे. मोटार वडकीस जाऊन, नागपूर-हैदराबाद महामार्गाचे दर्शन घेऊन परत आली. ट्रॅक्टर खबरदारी म्हणून मागे होता आणि येताना पुढे. यंदा तूर बरी आहे, म्हणजे मागच्या दोन्ही काचा बसतील. ब्रेकचे काम पुढल्या कापसावर गेले आहे.