बसणारे बारा, बघणारे बाराशे

धुळ्याहून जळगावला निघालं की पारोळा लागतं, एरंडोल लागतं, पाळधी लागतं, आणि महिना मे असेल तर ऊन सगळ्यांच्या आधी लागतं. या नव्वदेक किलोमीटरांत एसटीत थीम पार्कचा विषय एकदा निघाला की पार्क बांधून पूर्ण झाल्याशिवाय कोणी उतरत नाही. मुंबईकरांना गोराईला १९८९ पासून एस्सेलवर्ल्ड होतं, खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका आलं, मग खान्देशानंच काय घोडं मारलंय, असा सवाल पारोळ्याला येतो. एरंडोलपर्यंत आराखडा तयार असतो: केळीच्या आकाराची घसरगुंडी, भरिताच्या वांग्यात बसून गरगर फिरायची सोय, आणि शेवभाजीच्या तर्रीसारखा लाल धबधबा. वॉटर पार्कचा मुद्दा तेवढा लवकर मिटतो, कारण नळाला कितव्या दिवशी पाणी येतं हा प्रश्न धुळेकराला चारचौघांत विचारलेला आवडत नाही. मग उरतो खरा वाद: तासाला माणसं किती बसणार? या वादात दोन्ही बाजू एकच चूक करतात. खेळाची क्षमता बसणाऱ्यांवरून मोजायची, हे दोघांनीही धरून ठेवलेलं असतं. खान्देशातल्या जत्रा मात्र शे-दीडशे वर्षं सांगताहेत की क्षमता बघणाऱ्यांवरून मोजावी.

आधी बसणाऱ्यांचा हिशेब करून टाकू. जॉर्ज फेरिसनं १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उभारलेल्या चक्राला ३६ डबे होते आणि एका डब्यात ६० माणसं मावत. म्हणजे २१६० जण एकाच वेळी हवेत. लंडन आयला ३२ डबे आहेत, प्रत्येकात २५ माणसं. एक फेरी अर्ध्या तासाची, आणि चढउतारासाठी ते चक्र सहसा थांबतच नाही, इतक्या सावकाश फिरतं. आता धुळ्यात पांझरेकाठी एकवीरादेवीच्या चैत्री यात्रेत उभा राहतो तसा आकाशपाळणा घ्या. बारा पाळणे आणि प्रत्येकात चौघं, असं धरून चालू. एकेक पाळणा खाली आणायचा, आधीचे उतरवायचे, नवे बसवायचे, त्यांतल्या एकीची चप्पल पडली तर ती वर द्यायची. पाळण्यामागे अर्धा मिनिट म्हटलं तरी सहा मिनिटं नुसती चढउतारात जातात. पुढे चार मिनिटं फिरणं. तासाला झाली २८८ माणसं. लंडनवाले १६०० नेतात. या आकड्यांवर पार्कवाले जिंकले असं वाटतं, आणि बसणाऱ्यांपुरते ते जिंकलेलेच आहेत.

पण पाळण्याखाली माना वर करून उभ्या असलेल्यांना कोणत्या रकान्यात घालायचं? वर किंचाळणारा मेहुणा आणि खाली त्याच्याकडे बोट दाखवून हसणारं अख्खं सासर, यांत जास्त करमणूक कोणाची होते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मौत का कुआँमध्ये मोटारसायकलवाले दोन-तीन आणि कठड्याभोवती गर्दी. बारा गाड्यांचं तर विचारूच नका. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्या माणसांनी लादायच्या, आणि बैलांऐवजी कमरेला दोर बांधलेला भगत पुढे, आधाराला दोन बाजूंना बगले. यंत्राच्या हिशेबात हा खेळ पार नापास आहे: वर्षातून एकदा चालतो, अंतर थोडं, आणि इंजिन उपाशीपोटी. तरी रस्त्याच्या दोन्ही कडा, ओटे, गच्च्या आणि झाडं भरलेली असतात. गाडीत न बसलेल्या एकाही माणसाला आपली पाळी हुकली असं वाटत नाही. ‘देखाले काय पैसा लागस?’ या अहिराणी प्रश्नात जे अर्थशास्त्र आहे, ते कोणत्याही पार्काच्या तिकीटखिडकीवर बसत नाही.

याचा कळस जळगावला. श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेली ही प्रथा. रथातला मुख्य प्रवासी एकच, खुद्द रामराया. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून वळवायचं आणि मोगरी सरकवूनच थांबवायचं. प्रवासी एक, समाधानी मात्र सारं शहर! कॅलिफोर्नियात डिस्नेलँड १९५५ साली, म्हणजे ८३ वर्षांनी उघडलं, आणि तिथेही भर रस्त्यातून मिरवणूक काढतात. पार्कांच्या शौकिनांना तिचा फायदा चांगला ठाऊक असतो: मिरवणूक निघाली की माणसं तिकडे वळतात आणि पाळण्यांच्या रांगा आखडतात. जळगावला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

यावर हरकती येणारच. पहिली, पोरांची: त्यांना बघायचं नसतं, बसायचं असतं. खरं आहे, म्हणून पाळणे असावेतच. पण बापाला, आजीला आणि उलटीची भीती असलेल्या काकांना रांगेत उभं करायचं कारण नाही. दुसरी हरकत गंभीर आहे. बघणारेही चाकाखाली येतात, बारा गाड्यांना अपघात झालेले आहेत. इथे पार्कवाल्यांचे पाय धरावेत: कठडा, पट्टा, रोजची तपासणी, उंचीची अट हे सगळं त्यांच्याकडून जसंच्या तसं उचलावं. श्रद्धेला कठड्याचं वावडं नसतं. तिसरी हरकत हिशेबनिसाची: बघणारा तिकीट काढत नाही. काढत नाही, पण तो जिलेबी घेतो, गोडीशेव घेतो, बायकोला बांगड्या भरतो, पोराला पिपाणी घेतो आणि पुढे तासभर स्वतःच त्याची शिक्षा भोगतो. पैसा तेवढाच सुटतो. फक्त एका गल्ल्यात न जाता अनेकांच्या गल्ल्यांत जातो.

राहिला देखाव्याचा प्रश्न. फायबरची केळी कशाला? पारोळ्याहून डावीकडे वाट वाकडी करून अमळनेरला गेलं, तर वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरलेली दिसते. पाया नदीनं घातलेला, छत आकाशाचं, दिवसा उन्हामुळे रिकामं आणि सूर्य कलला की तुडुंब. पाऊस आला की नदी आपली जागा परत घेते, भाडेकराराची भानगड नाही. तेव्हा खान्देशात पार्क काढायचंच असेल, तर आराखड्यात आधी ओटे, गच्च्या आणि सावल्या आखाव्यात, मग त्यांच्या मधोमध पाळणा उभा करावा. एवढं करूनही कुठे रांग लागलीच, तर ती भज्यांच्या कढईपुढे लागेल, आणि तिला वळण लावायच्या फंदात कोणी इंजिनिअरनं पडू नये.